सासूबाईंची आंघोळ आणि 'सपोर्ट ॲट होम' : ऑस्ट्रेलियातल्या नव्या नियमांचे अनुभव हवेत

अबोली, ८ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार. मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहते. सासूबाई ८१ वर्षांच्या, मूळच्या वाईच्या. २०१२ साली सासरे आणि त्या इकडे कायमचे राहायला आले. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. आईंना आता पार्किन्सन्स आहे, गुडघे गेलेले आहेत, आणि गेल्या जानेवारीत बाथरूममध्ये पडल्यापासून एकटीने आंघोळ करायची त्यांना भीती वाटते. आम्ही दोघंही नोकरीला. मी सकाळी पावणेसातला घर सोडते.

मार्चमध्ये 'माय एज्ड केअर'ला, म्हणजे ज्येष्ठांच्या मदतीसाठीच्या सरकारी यंत्रणेकडे, नाव नोंदवलं. ऑगस्टमध्ये असेसर, म्हणजे किती मदत लागते ते तपासणारी बाई, घरी येऊन गेली आणि गेल्या आठवड्यात पत्र आलं. १ नोव्हेंबरपासून ज्येष्ठांना घरच्या घरी मदत देणारी जुनी सरकारी 'होम केअर पॅकेजेस' बंद होऊन 'सपोर्ट ॲट होम' सुरू झालंय हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. पूर्वी चार पायऱ्या होत्या, आता आठ वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला वर्षाला साधारण १०,७०० डॉलर, आठव्याला ७८,१०० च्या आसपास. आईंना चौथा वर्ग मिळाला, म्हणजे वर्षाला २९,६९६ डॉलर. पत्र वाचून मी चक्क रडले, इतकं हायसं वाटलं.

मग रात्री बसून हिशोब केला. मागणी जास्त असल्यामुळे सध्या ६० टक्केच रक्कम मिळणार, बाकीची नंतर. पैसे तिमाहीने येतात. त्यातले १० टक्के केअर मॅनेजमेंटसाठी बाजूला. उरतात आठवड्याला ३०८ डॉलर. आमच्या प्रोव्हायडरचा (सेवा पुरवणाऱ्या संस्थेचा) केअर वर्करचा दर तासाला १०५. म्हणजे आठवड्याला तीन तासही पूर्ण भरत नाहीत.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. नव्या रचनेत सेवांचे तीन गट केलेत. नर्स, फिजिओ वगैरे 'क्लिनिकल', ते पूर्ण सरकारी खर्चाने. झाडूपोछा, बाग, जेवण हे 'एव्हरीडे लिव्हिंग', त्यात सरकारची पूर्ण वृद्धापकाळ पेन्शन मिळणाऱ्यांना १७.५ टक्के भरायचे. मधला गट 'इंडिपेन्डन्स', त्याला ५ टक्के. आंघोळ या मधल्या गटात आहे. म्हणजे आईंच्या एका आंघोळीचे त्यांच्या पेन्शनमधून सव्वापाच डॉलर जाणार.

सव्वापाच डॉलर काहीच नाहीत, आम्ही भरू. पण ही गोष्ट केअर मॅनेजरने त्यांच्यासमोर सांगितली आणि त्याच संध्याकाळी आई म्हणाल्या, "मला रोज आंघोळ कशाला? आठवड्यातून दोनदा पुरे. एरवी मी अंग पुसून घेईन." ज्या बाईने आयुष्यात आंघोळीआधी देवाला हात लावला नाही ती हे म्हणाली. तेव्हापासून देवपूजा नातू करतोय. आई खुर्चीत बसून त्याला स्तोत्रं सांगतात.

तुमच्याकडे काय चाललंय? आणि हे पत्र अंतिमच समजायचं का?

---

दूरदेशी, ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

आधी एक तपासा. १२ सप्टेंबर २०२४ ला ज्यांच्याकडे पॅकेज होतं किंवा निदान मंजूर झालेलं होतं, त्यांना 'आधीपेक्षा नुकसान नाही' हे तत्त्व लागू आहे. माझ्या आईला तेव्हा पॅकेज होतं आणि पूर्ण पेन्शन असल्यामुळे ती काहीच भरत नव्हती. तिला अजूनही शून्य. तुमचं असेसमेंट ऑगस्ट २०२५ चं, म्हणजे दुर्दैवाने तुम्ही नव्या नियमात. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन आज्यांना एकाच मदतीचे वेगळे दर, हे मला अजून पचत नाही.

---

मावळतीचं_ऊन, ९ डिसेंबर, दुपारी १:०५

अबोली, मी सिडनीला असतो, वय ७६. माझी बायको स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. आम्हाला पेन्शन नाही. नोकरीच्या काळात जे साठवलं त्यावर जगतो, म्हणून आमचे दर सगळ्यात वरचे : आंघोळीला ५० टक्के, साफसफाईला ८० टक्के. प्रोव्हायडरचा दर ९८. एका आंघोळीचे ४९ डॉलर.

तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे आहेत, आम्ही भरतो. पण तुझ्या सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि मला माझंच आठवलं. पहिलं बिल आल्यावर मी केअर वर्करला आठवड्यातून पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आणलं आणि उरलेले दोन दिवस मीच बायकोला न्हाऊ घालू लागलो. ऑक्टोबरात माझी पाठ धरली होती, तरी. एक दिवस ओल्या फरशीवर आम्ही दोघं एकमेकांना धरून पाच मिनिटं तसेच उभे होतो, कारण मला तिला पुढेही नेता येईना आणि मागेही. त्या दिवशी परत पाच दिवस करून घेतले.

ज्याने हा तक्ता बनवला त्याने साबण लागलेल्या हातांनी कुणाला उभं धरलेलं नसावं.

---

सह्यकडा, ९ डिसेंबर, रात्री ८:३०

दोघांच्याही अडचणी मनापासून समजतात, पण दुसरी बाजू मांडतो. मी इथे कर भरणारा, दोन लहान मुलांचा बाप.

२०१८ साली ज्येष्ठांच्या काळजीची चौकशी करायला रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसलं. २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच 'निग्लेक्ट' होतं, म्हणजे हेळसांड. मार्च २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. १९९७ चा जुना कायदा टाकून हक्कांवर आधारलेला नवा कायदा करा, ही मुख्य मागणी. तो कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत संमत झाला. १ जुलै २०२५ ला लागू व्हायचा तो चार महिने पुढे गेला. या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो कुठून आणायचा यासाठी टास्कफोर्स नेमला होता. त्याने मार्च २०२४ मध्ये सांगितलं की काळजीचा भार सरकारने उचलावा, आणि रोजच्या जगण्याचा खर्च ज्यांना झेपतो त्यांनी स्वतः जास्त उचलावा. आपण तरुणपणी घर स्वतःच झाडतो, बाग स्वतःच राखतो. ८० व्या वर्षी त्याचे ८० टक्के श्रीमंत माणसाने का भरू नयेत?

आधी पॅकेजसाठी रांगेत किती जण होते ते आठवा. गेल्या मार्चअखेर ८७,००० च्या वर. सप्टेंबरात सेनेटमध्ये विरोधी पक्ष, ग्रीन्स पक्ष आणि अपक्ष सेनेटर डेव्हिड पोकॉक यांनी एकत्र येऊन दबाव आणला तेव्हा कुठे सरकारने २०,००० पॅकेजेस लगेच सोडली. पैसा मर्यादित असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी भरल्यानेच रांग हलेल.

---

मावळतीचं_ऊन, ९ डिसेंबर, रात्री ९:१०

सह्यकडा, बागेबद्दल मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बागेचे मी पूर्ण भरतो. पण तुमच्याच टास्कफोर्सच्या भाषेत सांगा, जिला स्वतःचे हात कुठे आहेत ते कळत नाही तिची आंघोळ ही काळजी की रोजचं जगणं?

---

सह्यकडा, ९ डिसेंबर, रात्री ९:४५

काळजी. मान्य. गट चुकलाय. पैसे भरायला लावणं चुकलेलं नाही असं माझं म्हणणं होतं, पण आंघोळ त्यात घालायला नको होती.

---

केतकी_ॲडलेड, १० डिसेंबर, पहाटे ५:२०

कामावर जायच्या आधी लिहितेय. मी गेली नऊ वर्षं घरोघरी जाऊन हेच काम करते. सातारच्या शाळेत शिकवत होते, इकडे आल्यावर 'सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट' केलं. मला जे दिसतं ते सांगते.

आंघोळ घालायला गेलेली बाई नुसती आंघोळ घालत नसते. कमरेच्या खाली, टाचेवर, छातीखालच्या घडीत लालसर डाग दिसला तर तो पहिल्यांदा आम्हाला दिसतो. वजन उतरलंय हे कपडे काढल्यावर कळतं. जखम चिघळली की पुढे नर्स येते आणि ती 'क्लिनिकल' म्हणून फुकट असते. ती जखम होऊ नये म्हणून आम्ही आधी गेलो, त्याचे मात्र पैसे. हे उलटं आहे, आणि आमच्यातली प्रत्येक जण हे बोलते.

१०५ डॉलर ऐकून कुणाला वाटेल की आम्ही श्रीमंत झालो. त्यातला थोडाच भाग हातात येतो. प्रवास, विमा, रोस्टर, कार्यालय, सगळं आता त्या एकाच दरात बसवलंय, कारण पूर्वीचं वेगळं पॅकेज मॅनेजमेंट शुल्क गेलं. म्हणून दर फुगलेले दिसतात. आमचा पगार जून २०२३ मध्ये १५ टक्क्यांनी वाढला आणि त्यानंतरही थोडा वाढला, ते खरं आहे आणि फार गरजेचं होतं. त्याआधी दर महिन्याला एक मैत्रीण सुपरमार्केटच्या नोकरीत निघून जायची. दरांची कमाल मर्यादा १ जुलै २०२६ पासून ठरवायचं सरकारने जाहीर केलंय. तोपर्यंत दोन-तीन प्रोव्हायडरना फोन करून विचारा. बदलायचं असेल तर बाहेर पडण्याचं शुल्क आता घेता येत नाही.

आता अबोली, तुमचं पत्र. एक विचारते, राग मानू नका. असेसर आली तेव्हा आई काय म्हणाल्या? आणि दुभाषी कोण होतं?

---

अबोली, १० डिसेंबर, रात्री ९:५५

केतकीताई, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता.

दुभाषी नवराच होता. असेसरने विचारलं, "तुम्ही स्वतः आंघोळ करता का?" आई म्हणाल्या, "हो, करते की." त्याने तसंच इंग्रजीत सांगितलं. "कपडे?" "करते." "स्वयंपाक?" "वरणभात लावते." वरणभात त्या महिन्यातून एकदा, आमच्यापैकी कुणी शेजारी उभं असेल तर लावतात. उलट त्या दिवशी आई सकाळपासून तयारीला लागल्या होत्या. मला इस्त्रीचं लुगडं काढायला लावलं, वेणी घालून घेतली, आणि असेसरसाठी स्वतः चहा करायला उठल्या. कप माझ्या हातात होता पण चमचा त्यांनी धरला होता. पाहुणी आली आणि आपण बसून राहिलो हे त्यांना शक्यच नव्हतं.

मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. आज कळतंय की त्या प्रत्येक 'करते'चा हिशोब झाला.

---

केतकी_ॲडलेड, ११ डिसेंबर, पहाटे ५:०५

हेच होतं. दर वेळी. आपल्या बायका आयुष्यभर "माझं मी बघते" म्हणत जगल्या. असेसमेंटमधल्या उत्तरांवरून वर्ग संगणकाच्या सूत्राने ठरतो. त्या सूत्राला इस्त्रीचं लुगडं दिसत नाही आणि चमचा कुणी धरला तेही दिसत नाही. आणि मुलगा दुभाषी असला की आई त्याच्यासमोर शौचाचं, अंगावरून जाण्याचं, रात्री गादी ओली होण्याचं बोलत नाही. बोलली तरी मुलगा ते सौम्य करून सांगतो. त्याचा दोष नाही, आईबद्दल परक्या माणसाला असं सांगताना जीभ अडते.

काय करायचं ते सांगते :

'माय एज्ड केअर'ला १८०० २०० ४२२ वर फोन करून सपोर्ट प्लॅनचा रिव्ह्यू मागा. ऑगस्टनंतर काय बदललं ते सांगा. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर फेरविचाराचाही मार्ग आहे, त्याची मुदत पत्रातच लिहिलेली असते. ती आधी बघा.

मराठी दुभाषी मागा. सरकारी भाषांतर सेवेचा नंबर १३१ ४५०. शक्यतो बाई मागा. नवऱ्याला त्या तासात खाली बागेत पाठवा.

नव्या कायद्यात 'रजिस्टर्ड सपोर्टर' अशी भूमिका आहे. तुम्ही नोंद केलीत तर त्यांची माहिती तुम्हालाही मिळते, पण निर्णय त्यांचाच राहतो.

दोन आठवडे रोज लिहून ठेवा. चांगल्या दिवसाचं नको, वाईट दिवसाचं लिहा. किती वेळा हात धरावा लागला, कुठे थांबल्या, रात्री किती वेळा उठवलं.

बाथरूमची दांडी, शॉवरची खुर्ची, न घसरणारी फरशी यांचा पैसा त्या तिमाही रकमेतून जात नाही. त्यासाठी वेगळी योजना आहे : ५००, २,००० आणि १५,००० डॉलरपर्यंतचे तीन टप्पे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली सोप्या आणि सुरक्षित करून देणारी तज्ज्ञ) घरी येऊन बघते. हे आधी करून घ्या, यासाठी थांबू नका.

आणि कुठे अडलात तर १८०० ७०० ६००, ज्येष्ठांची बाजू मांडणारी मोफत सेवा. मी कामाच्या ठिकाणी कुणाला हे उघड सांगू शकत नाही, इथे सांगते : त्यांना फोन करायला लाजू नका.

---

राइनकाठ, ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

कोलोनहून लिहितेय. माझ्या सासूबाई जर्मन आहेत, ८४ वर्षांच्या. त्यांचीही गोष्ट हीच. तपासनीस आल्या तेव्हा त्यांनी केस विंचरून, लिपस्टिक लावून, "मला काही नको" सांगितलं. म्हणजे हे फक्त आपल्या बायकांचं नाही हो केतकीताई.

इथे काळजी-विमा १९९५ पासून आहे. २०१७ पर्यंत तीन पायऱ्या होत्या आणि मिनिटं मोजायचे. शॉवरला १५ ते २० मिनिटं अशी मार्गदर्शक वेळ ठरलेली होती. स्मृतिभ्रंश असलेला माणूस हातापायाने धडधाकट म्हणून त्यात बसायचाच नाही. २०१७ पासून पाच श्रेणी केल्या आणि प्रश्न बदलला : किती मिनिटं लागतात हे न विचारता, हा माणूस स्वतःहून काय करू शकतो हे बघतात.

आमच्याकडची मोठी सोय अशी की घरच्याच माणसाने काळजी घेतली तर रोख रक्कम मिळते. तिसऱ्या श्रेणीला २०२५ पासून महिन्याला ५९९ युरो. ती सासूबाईंच्या खात्यात येते आणि त्या दर एक तारखेला मला पाकिटात घालून देतात. मी नको म्हणाले होते. त्या म्हणाल्या, मग मी तुझ्याकडून आंघोळ घालून घेणार नाही. तेव्हापासून घेते. त्या पाकिटामुळे त्यांना माझ्याकडे मागणं सोपं झालं, हे मी स्वतः बघितलंय.

---

इंद्रायणी, १२ डिसेंबर, सकाळी ११:००

तुमच्या सगळ्यांचं वाचून पुण्याहून लिहिल्याशिवाय राहवेना. माझे वडील ८८ वर्षांचे, दीड वर्षापासून अंथरुणावर. ब्युरोतून २४ तासांच्या मावशी आहेत, महिन्याला २८ हजार, वर जेवणखाण. सगळं आमच्या खिशातून. आयुष्मानचं ७० वर्षांवरच्यांचं कार्ड काढलंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुरू झालं, पाच लाखांचं संरक्षण. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी कूस बदलायला, डायपर बदलायला त्यातून एक रुपया नाही.

पैशाइतकीच दुसरी काळजी आहे. ब्युरोने पाठवलेल्या मावशी कुठे शिकल्या, त्यांना कुणी शिकवलं, याची कुठे नोंद नाही. आधीच्या बाईंनी बाबांना बगलेत धरून उचललं आणि खांदा निखळला. ब्युरोने फोन उचलणं बंद केलं. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक गेलं. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीवर सविस्तर निबंध काढला, तोही मी वाचला. १४५६७ या हेल्पलाइनवर फोन केला तर माणसं आपुलकीने बोलतात, मार्ग सांगतात. पण बाबांना उचलायचं कसं हे मावशींना शिकवणारं कुणी मिळत नाही. शेवटी ओळखीच्या फिजिओला पैसे देऊन चार दिवस शिकवायला बोलावलं. आताच्या मावशी चादरीने कशा अलगद सरकवतात ते बघून मला भरून येतं.

तिथे निदान भांडायला पत्र आहे, अबोली. भांड.

---

दूरदेशी, १२ डिसेंबर, दुपारी ३:४०

इंद्रायणीताई, तुमची पोस्ट वाचून आईला फोन केला.

अबोली, आणखी एक. तिमाहीत पैसे उरले तर पुढे नेता येतात, पण १,००० डॉलर किंवा १० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढेच. "अडीअडचणीला साठवू" म्हणून आमच्या आईसारखी बचत करू देऊ नका.  पेन्शनमधूनही भरणं जड जात असेल तर हार्डशिपचा, म्हणजे आर्थिक अडचणीमुळे सवलतीचा, अर्ज करता येतो.

---

अबोली, २७ जानेवारी २०२६, रात्री ११:१५

उशिरा लिहितेय. मधल्या काळात बरंच झालं.

दांड्या बसल्या. खुर्ची आली. ऑक्युपेशनल थेरपिस्टने आईंना पाय आधी कुठला टाकायचा ते दाखवलं आणि फरशीवर लाल पट्टी लावून दिली, कारण पार्किन्सन्समध्ये पाय अडला की डोळ्यासमोर रेघ लागते. प्रोव्हायडर बदलला, नवा दर ९२. दिवाळीनंतर वाढलेले दर होते ते याने थोडे उतरवले असावेत, असो. आंघोळ आता आठवड्यातून तीनदा. पैशांबद्दल आईंसमोर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राइनकाठ यांचं पाकीट डोक्यात राहिलं होतं. म्हणून उलट केलं. आईंच्या पेन्शनमधून त्यांच्या हातात पैसे दिले आणि महिन्याचं बिल त्या स्वतः भरतात. मोबाइलवर बटण त्या दाबतात, मी शेजारी असते. "माझ्या पैशाची आहे ना, मग येऊ दे तिला," असं परवा म्हणाल्या.

रिव्ह्यू मागितला. सपोर्टर म्हणून माझी नोंद झाली. मराठी दुभाषी बाई मिळाल्या आहेत, फोनवर असतील.

नोंदी ठेवायचं मी ठरवलं होतं, पण चार दिवसांनी आई म्हणाल्या, "माझं तू का लिहितेस, मी लिहिते." हात थरथरतो, अक्षर बारीक बारीक होत जातं, तरी लिहितात. वही त्यांनी मला काल वाचायला दिली. त्यांना विचारून दोन ओळी इथे देतेय.

"शुक्रवार. पाठीला हात पोचला नाही. साबण तसाच राहिला. सूनबाईंना सांगितलं नाही."

"रविवार. रात्री दोनदा उठायचं होतं. हाक मारली नाही. पहाटे गादी ओली."

असेसर ११ फेब्रुवारीला सकाळी दहाला येणार आहे. वही आई स्वतः वाचून दाखवणार आहेत. नवरा त्या वेळी मुलाला घेऊन ग्रंथालयात जाईल. चहा मी करणार आहे.